साथीतले ज्ञान : मालमत्ता, दान की ऋण?

साथीच्या काळात मिळालेले वैज्ञानिक ज्ञान कोणाचे, हा प्रश्न सहसा पेटंट कायद्याच्या आणि परराष्ट्र धोरणाच्या भाषेत मांडला जातो. त्याचे मूळ मात्र धर्मविचारात आहे. माणसाला जे कळते त्याचा तो धनी असतो का, आणि दुसऱ्याचा जीव ज्या माहितीवर अवलंबून आहे ती राखून ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे का, हे दोन प्रश्न त्याच्या तळाशी आहेत. त्यांना तीन प्रकारची उत्तरे दिली जातात. पहिल्या उत्तराप्रमाणे ज्ञान ही शोधणाऱ्याची मालमत्ता आहे. दुसऱ्याप्रमाणे ते त्याने उदारपणे द्यायचे दान आहे. तिसऱ्याप्रमाणे ते त्याच्यावरचे ऋण आहे आणि ते फेडलेच पाहिजे. २०२० ते २०२२ या कोरोनाकाळात ही तिन्ही उत्तरे जगभर प्रत्यक्षात उतरलेली दिसली. त्यांचे परिणाम नांदेड आणि लातूरसारख्या, महानगरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांनीही भोगले.

एका तपासणीमागची साखळी

२०२०च्या उन्हाळ्यात लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घशातील स्रावाच्या नमुन्यांची आरटी-पीसीआर तपासणी होऊ लागली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानेही आपली जीवशास्त्राची प्रयोगशाळा या कामासाठी उभी केली. त्याआधीच्या आठवड्यांत नमुने दूरच्या प्रयोगशाळांकडे पाठवावे लागत आणि अहवाल येईपर्यंत रुग्णासकट सारे घर टांगणीला लागत असे.

ही तपासणी शक्य झाली ती अनेक देशांतल्या माणसांनी आपल्याजवळचे ज्ञान वेळेवर मोकळे केले म्हणून. शांघायमधील झांग योंगझेन यांच्या गटाने विषाणूची जनुकीय संहिता उलगडली आणि सिडनीतील एडवर्ड होम्स यांच्यामार्फत ती ११ जानेवारी २०२० रोजी सर्वांसाठी खुली केली. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा ‘सुधारणे’च्या कारणाखाली बंद करण्यात आली. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील क्रिस्टियान ड्रोस्टेन यांच्या गटाने तपासणीची पद्धत तयार केली आणि १३ जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने ती प्रसिद्ध केली. ३० जानेवारीला केरळमधील पहिल्या भारतीय रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाले, तेव्हा हीच मोकळी माहिती हाताशी होती. पुढे देशातल्या प्रयोगशाळांचे जाळे जिल्ह्यापर्यंत पोहोचले. या साखळीतल्या एकाही दुव्याने पुढच्याकडून किंमत मागितली नाही. पहिल्या दुव्याने तर धोका पत्करला.

राखून ठेवण्याची परंपरा आणि तिची कारणे

ज्ञान राखून ठेवण्याची वृत्ती कंपन्यांनी जन्माला घातलेली नाही. मराठवाड्याच्या खेड्यांत काविळीवर किंवा विंचवावर झाडपाल्याचे औषध देणारे जाणकार असत. औषध पदरचे द्यायचे, पैसा घ्यायचा नाही, पण पाला कोणता ते सांगायचे नाही, असा त्यांचा रिवाज असे. सांगितले की औषधाचा गुण जातो, अशी श्रद्धा त्यामागे होती. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हणही याच वळणाची आहे.

या वृत्तीमागे तीन वेगवेगळी कारणे आहेत. एक श्रद्धेचे : उघड केलेले ज्ञान निष्फळ होते. दुसरे अधिकाराचे : अपात्र माणसाच्या हाती पडलेले ज्ञान घात करते. तिसरे उपजीविकेचे : ज्याने आयुष्य घालवून शिकले त्याचे पोट त्यावर चालते. यांतले पहिले कारण अनुभवाला टिकत नाही, कारण सांगितल्याने औषधाचा गुण जात नाही. न सांगितल्याने मात्र जाणकारासोबत औषधही जाते. उरलेली दोन कारणे गंभीर आहेत. त्यांना उत्तर दिल्याशिवाय मोकळेपणाचा पुरस्कार पुरा होत नाही.

भारतीय विचारात या वृत्तीला फार जुना विरोध आहे. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात, की काहीतरी शेवटपर्यंत मुठीत राखून ठेवणाऱ्या आचार्यासारखे तथागताने काहीही राखलेले नाही. आत आणि बाहेर असा भेद न करता धम्म सांगितलेला आहे. इ.स. १२९०मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशात गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा संस्कृत न जाणणाऱ्यांच्या अधिकाराचा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी नाते सांगणाऱ्या नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. एका प्रांताची वाणी दुसऱ्या प्रांताच्या धर्मग्रंथात आदराने नांदू शकते, हे शिखांचे हजूर साहिब तख्त असलेल्या नांदेडच्या परिसरात वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

वैद्यकाच्या बाबतीत चरकसंहितेची भूमिका आणखी नेमकी आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात ‘जनपदोद्ध्वंस’ म्हणजे अख्खा मुलूख उद्ध्वस्त करणाऱ्या साथीचा विचार आहे. प्रकृती, आहार, वय वेगवेगळे असताना माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, असा प्रश्न शिष्य अग्निवेश विचारतो. वायू, जल, देश आणि काल या सर्वांना समाईक असलेल्या गोष्टी बिघडतात म्हणून, असे गुरू आत्रेय उत्तर देतात. कारण समाईक असेल तर उपायावर खासगी मालकी कशी सांगायची, हा प्रश्न या उत्तरातून आपोआप निघतो.

त्याच स्थानाच्या आठव्या अध्यायात समान विद्या असलेल्यांनी परस्परांशी चर्चा करावी असा उपदेश आहे. या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत : स्नेहाने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा. पहिल्या प्रकारात निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, हरण्याची भीती धरू नये आणि दुसऱ्याला हरवल्याचा आनंद मानू नये. शहाण्या माणसाला सारे जग गुरुस्थानी असते, म्हणून शत्रूचेही हिताचे बोल ऐकावेत, असेही तिथे म्हटले आहे. सूत्रस्थानातील ऋषींच्या सभांमध्ये कांकायन हा बाह्लीक देशाचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख प्रदेशाचा वैद्य आपले मत मांडतो. परदेशी वैद्याला चर्चेत बरोबरीचे स्थान असणे त्या ग्रंथाला स्वाभाविक वाटते.

ऋणाची कल्पना

तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे : देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते. शतपथ ब्राह्मणात यात चौथे ऋण येते, ते माणसांचे. दान आणि ऋणफेड यांत मोठा फरक आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, त्याचे पुण्य त्याला मिळते आणि घेणारा उपकृत होतो. ऋण न फेडणारा दोषी ठरतो आणि फेडणाऱ्याला उपकाराची भाषा करता येत नाही.

साथीचे ज्ञान ऋणाच्या कक्षेत येते, कारण त्याचा कच्चा माल म्हणजे आजारी माणसांची शरीरे. घशातला स्राव, रक्त, तापाची नोंद, मृत्यूची वेळ हे सारे रुग्णाने दिलेले असते. अनेकदा ते देताना त्याला स्वतःला काही लाभ होणार नसतो. संशोधकाची बुद्धी आणि संस्थेचा पैसा त्यात नंतर मिसळतो.

लातूर जिल्ह्याला हा अनुभव साथीच्या आधीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे गेली. स्थिर मानल्या जाणाऱ्या भूखंडाच्या पोटातही विनाशकारी भूकंप होऊ शकतो, याचे ते ठळक उदाहरण ठरले आणि देशोदेशीच्या भूवैज्ञानिकांनी तिथे येऊन अभ्यास केला. भूशास्त्राच्या ज्ञानात त्यामुळे मोलाची भर पडली. २००२मध्ये भारताचा भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला गेला. सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभाग रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात आला. त्या गावांच्या दुःखातून आलेले ज्ञान बांधकामाच्या नियमांच्या रूपाने इतर गावांच्या उपयोगी पडले, तेव्हा ऋणाचा काही भाग फिटला. ज्ञान केवळ शोधनिबंधांत राहिले असते तर ते फिटले नसते.

ऋण न मानल्यास काय होते, ते इंडोनेशियाने दाखवले. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचे नमुने तो देश जागतिक आरोग्य संघटनेला देत होता. त्यांवरून परदेशी कंपन्या लस बनवत आणि ती विकत घेणे त्या देशाला परवडत नसे. २००७च्या सुमारास इंडोनेशियाने नमुने देणे थांबवले. त्या नकाराने जगाचा धोका वाढला हे खरे, पण त्यामागची तक्रार न्याय्य होती. २०११मध्ये इन्फ्लुएन्झाच्या नमुन्यांची आणि त्यांतून होणाऱ्या लाभाची वाटणी एकाच चौकटीत आणणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो याच संघर्षातून. मोकळेपणा एकाच बाजूने मागितला तर तो शोषण ठरतो, हा त्यातला धडा आहे.

खरे सांगणाऱ्याचे रक्षण

मोकळेपणाची अपेक्षा करणाऱ्या समाजावर एक प्रतिकर्तव्य येते : जो खरे सांगेल त्याला शिक्षा होता कामा नये. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने विषाणूच्या नव्या प्रकाराची माहिती जगाला दिली. दोन दिवसांत त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळाले आणि लगोलग अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेतून येणारी विमाने बंद केली. ज्या देशाने प्रामाणिकपणे सांगितले त्यालाच कोंडले गेले. मुंबईतही हे आधी घडले होते. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशियासह अनेक देशांची वैद्यकीय पथके अभ्यासासाठी मुंबईत आली, आणि त्याच काळात, १८९७च्या आरंभी, व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतातून येणाऱ्या जहाजांवर आणि यात्रेकरूंवर निर्बंधांची चर्चा झाली. शास्त्रज्ञ एकत्र येत होते आणि सरकारे दारे लावून घेत होती.

नांदेडने याचे स्वतःचे रूप पाहिले. मार्च २०२०च्या टाळेबंदीत पंजाबातून आलेले हजारो यात्रेकरू तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे अडकले. लंगरने त्यांना आठवडेच्या आठवडे जेवू घातले. एप्रिलच्या अखेरीस ते बसगाड्यांनी परतले आणि तिथल्या तपासणीत त्यांपैकी शेकडोंना संसर्ग आढळला. संसर्ग नांदेडात झाला की वाटेत, यावरून दोन्ही राज्यांत दोषारोप झाले. वास्तविक हा शोधाचा प्रश्न होता : कोण केव्हा तपासले गेले, लक्षणे कधी दिसली, विषाणूची वंशावळ काय सांगते. दोन राज्यांच्या आरोग्य यंत्रणांनी संधाय संभाषेने सोडवायचा हा प्रश्न सार्वजनिक वादात विगृह्य संभाषेचा झाला, आणि यात्रेकरू संशयाचे धनी झाले.

गावपातळीवर हेच घडले. पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना वेशीवर अडवले गेले, बाधित घराकडे बोट दाखवले गेले आणि परिणामी लोक ताप लपवू लागले. महाराष्ट्रात आधी आढळलेल्या बी.१.६१७ या प्रकाराला जगात देशाच्या नावाने हिणवले जाऊ लागले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची नावे ठरवली आणि त्याच्या एका उपप्रकाराला डेल्टा हे नाव दिले. विषाणू जिथे सापडला त्या जागेला दोष न देण्याची ही व्यवस्था नैतिक दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण लज्जेच्या भीतीने सत्य दडते आणि दडलेल्या सत्याची किंमत शेजाऱ्यांना मोजावी लागते.

मोकळेपणाची शिस्त

अपात्र हाती पडलेले ज्ञान घात करते, या आक्षेपाला इथे उत्तर द्यावे लागते. साथीत घाईने प्रसिद्ध केलेले कच्चे दावे घातक ठरले, यात शंका नाही. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधाविषयी एक मोठा अभ्यास आला. त्यामागची मूळ माहिती तपासायला मागितली असता सर्जिस्फिअर या कंपनीने ती दिली नाही आणि ४ जूनला तो निबंध मागे घेतला गेला. दोष मोकळेपणाचा नव्हता. निष्कर्ष उघड आणि आधार झाकलेला, अशा अर्धवट मोकळेपणाचा होता.

याउलट भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराची चाचणी घेतली. उपचाराचा लाभ दिसला नाही हे परिषदेने २०२०मध्येच प्रसिद्ध केले. लोक आशेने रक्तपेढ्यांकडे धावत असताना ‘उपयोग नाही’ असे सांगणे हेही सत्यकथनच होते. तरी मे २०२१पर्यंत प्लाझ्मा उपचार अधिकृत मार्गदर्शनात राहिला.

रेमडेसिविरची कथा याहून क्लेशकारक आहे. भारतासह अनेक देशांनी मिळून केलेल्या सॉलिडॅरिटी चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये खुले झाले. मृत्यू टाळण्यावर या औषधाचा फारसा परिणाम त्यांत दिसला नव्हता. एप्रिल २०२१मध्ये मराठवाड्यासह राज्यभर नातेवाईक याच इंजेक्शनसाठी रात्री-बेरात्री वणवण करत होते आणि काळ्या बाजारात त्याची अवाच्या सवा किंमत मोजत होते. दुसरीकडे, ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने १६ जून २०२० रोजी जाहीर केले होते, की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने औषध व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी करते. ते औषध तालुक्याच्या रुग्णालयातही मिळत होते. दोन्ही निष्कर्ष जगाला खुले होते, पण इंग्रजी शोधनिबंधात खुले असलेले ज्ञान मुखेडच्या किंवा अहमदपूरच्या घरासाठी बंदच राहते. लोकांच्या भाषेत आणि विश्वासाच्या माणसाच्या तोंडून ते पोहोचवणे हा ऋणफेडीचाच भाग आहे. म्हणून अधिकाराच्या आक्षेपाला उत्तर असे : पात्रता वाढवावी, तपासणी कडक करावी, आधारासकट सारे उघड करावे, दार बंद करू नये.

श्रमाचे मोल आणि वाटणी

उपजीविकेचा आक्षेप उरतो. संशोधनाला पैसा, वर्षे आणि जोखीम लागते, हे खरे आहे. शीख विचारातील तीन आचारसूत्रे इथे उपयोगी पडतात : नामस्मरण, प्रामाणिक कष्ट आणि मिळवलेले वाटून खाणे. कष्टाचा मान आधी मान्य केला जातो आणि वाटून खाण्याचे कर्तव्य त्याच्या पाठोपाठच येते. लंगरमध्ये वाढणारा स्वतःला दाता म्हणवत नाही. तो सेवेकरी असतो आणि जेवणारा याचक नसतो. कष्टाचा मोबदला द्यावा, पण मोबदल्याच्या नावाखाली जीवरक्षक गोष्ट अडवू नये, अशी ही मर्यादा आहे.

२ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत साथीपुरते बौद्धिक संपदेचे नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. १७ जून २०२२ रोजी जो निर्णय झाला तो लसींच्या पेटंटपुरता होता; औषधे आणि तपासणी साहित्य त्याबाहेर राहिले. तोवर साथीचा सर्वांत जीवघेणा काळ सरला होता. दानाच्या मार्गाचीही मर्यादा दिसली. जानेवारी २०२१मध्ये भारताने ‘लसमैत्री’ सुरू केली, ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून अनेक देशांना गेली. दुसऱ्या लाटेत निर्यात थांबली आणि कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेवर विसंबलेले गरीब देश ताटकळले. घरात आग लागलेली असताना तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु एका देशाच्या मर्जीवर आणि एका शहरातील कारखान्यावर जगाची लस अवलंबून असणे हीच मूळ चूक होती.

लस बनवण्याची कृती उघड करणेही पुरेसे नसते. एप्रिल २०२१मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या औषधनिर्मिती महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली आणि केंद्राने ६५ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. साथीच्या निर्णायक काळात तिथून लस बाहेर पडली नाही. ओडेसात जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्या नावाच्या संस्थेला शतकानंतर कृती मिळाली, पण ती राबवायला लागणारी सुरक्षित प्रयोगशाळा, यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे वेळेत उभी राहिली नाहीत. ज्ञान वाटायचे तर ते पेलण्याचे सामर्थ्यही आधीपासून वाटावे लागते. लातूर-नांदेडच्या तपासणी प्रयोगशाळा टिकवणे, त्यांतील तंत्रज्ञांना कायम ठेवणे, ही म्हणूनच जागतिक सहकार्याची स्थानिक बाजू आहे.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने साथविषयक करार स्वीकारला. त्यातील तत्त्व असे आहे, की देशांनी रोगजंतूंचे नमुने आणि जनुकीय माहिती वेळेवर द्यावी, आणि सहभागी उत्पादकांनी साथीच्या वेळी आपल्या लसी, औषधे व तपासणी साहित्याचा २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून देण्याचे लक्ष्य ठेवावे. त्यात उत्पादनाचा किमान १० टक्के वाटा विनामूल्य असावा. या वाटणीचे तपशील वेगळ्या परिशिष्टावर सोपवण्यात आले. दान आणि मालकी यांच्यामधून ऋणाकडे जाणारे हे पाऊल आहे, पण ते तोकडे आहे. ऋणाचा विचार पुरता मानला तर चार कर्तव्ये ठरतात. साथीची माहिती कळताच ती आधारासह उघड करावी. ती उघड करणाऱ्या माणसाला, गावाला किंवा देशाला शिक्षा होऊ देऊ नये. निष्कर्ष लोकांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचवावा. आणि ज्यांच्या आजारातून ते ज्ञान आले, त्यांना त्याचे फळ उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावे.